औषधाच्या आधी नाव

नवऱ्याचं नाव मी एकदाच घेतलं होतं, लग्नात, घास भरवताना, आणि जन्माला तेवढं पुरे असं माझं मत होतं. नऊ वर्षं संसार झाला. घरात 'अहो' आणि बाहेर 'आमच्याकडचे' एवढ्यावर माझं भागलं. वाण्याकडे भागलं, पोस्टमनपाशी भागलं, त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांपाशीसुद्धा भागलं. भागलं नाही ते एका इस्पितळात.

छत्तीस सालची गोष्ट. इस्पितळ धारवाडातलंच, धर्मादाय. त्याचं नाव मी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. आमचे हे, बघा, अजून सवय जात नाही, म्हणजे मुकुंदराव, शाळेत गणित शिकवायचे. त्यांना मुदतीचा ताप आला. बारा दिवस गावातल्याच मळमड्डी भागातल्या घरात काढे केले, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तेराव्या दिवशी ते मलाच 'एकोणतीसचा पाढा म्हण, उभी राहा' असं दरडावू लागले, तेव्हा मी टांगा बोलावला.

इस्पितळाचे मोठे डॉक्टर विठ्ठलराव. माणूस भला, पण आवाज असा की रोग्याच्या आधी बरोबरचे घाबरायचे. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "बाई, आता आतडं भिजलेल्या कागदासारखं झालंय. एकवीस दिवस पार पडेपर्यंत आम्ही देऊ तेवढंच पोटात जाईल. घरचं काही चोरून द्याल तर ते फाटेल, आणि फाटलं तर माझ्याकडे उपाय नाही."

मी मान डोलावली. घरून आणलेला साखरभाताचा डबा तिथल्या तिथे परत पाठवला. आठ दिवस ह्यांचं पोट सांभाळायचं, एवढं एकच काम आता मला जगात उरलं होतं.

पुरुषांच्या वॉर्डात सोळा खाटा. आठ उत्तरेच्या भिंतीला, आठ दक्षिणेच्या. नंबर खाटेवर नव्हते, भिंतीवर काळ्या रंगाने काढलेले, आणि तापाचा तक्ताही तिथेच खिळ्याला. आम्हाला मिळाली पाच नंबरची, उत्तरेची. समोर दक्षिणेच्या ओळीत तेरा नंबरला अळणावरकडचा एक शेतकरी होता, धोंडिबा. त्याला अंतर्गळ झालेला, शस्त्रक्रियेसाठी थांबलेला. त्याची बायको राधा पायाशी बसून दिवसभर शेंगा फोडायची आणि वॉर्डभर वाटायची.

संध्याकाळी औषधाची पहिली बाटली घेऊन नर्सबाई आल्या. कुसुमावतीबाई. वय तिशीच्या आसपास, पांढरं पातळ, मोकळं कपाळ. मला वाटलं, नर्सच्या नियमात कुंकू बसत नसेल. त्यांनी चमचा भरला आणि मला विचारलं, "रोग्याचं नाव?"

मी म्हटलं, "पाच नंबर."

"नंबर मला दिसतोय. नाव."

"तक्त्यावर लिहिलंय की."

"तक्ता भिंतीवर आहे, रोगी खाटेवर आहे. तुम्ही सांगा. नाव काय? हेसरु येनरी?" मला कानडी तरी समजेल असं त्यांना वाटलं असावं.

आता काय बोलायचं! पंधरा परके पुरुष कान टवकारून पडलेले, आणि ही बाई मला नवऱ्याचं नाव विचारते. मी पदर सावरला, खिडकीकडे बघितलं, घसा साफ केला. बाई चमचा धरून उभ्याच. शेवटी त्या जराशा हसल्या आणि म्हणाल्या, "नुसतं घेता येत नसेल तर उखाण्यात घ्या. पण घेतल्याशिवाय औषध नाही."

माझं डोकंच फिरलं. पण ह्यांचे ओठ कोरडे पडलेले. तेव्हा मी दात-ओठ खात म्हटलं,

"मळमड्डीच्या घरापुढे टांगा राहिला उभा,
मुकुंदरावांना औषध द्यायला नर्सबाईंची मुभा!"

वॉर्डात हशा पिकला. राधेने तर शेंगांचं सूप खाली ठेवून टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "मुकुंदराव. बरोबर," आणि चमचा ह्यांच्या तोंडात गेला.

औषध दिवसातून सहा वेळा! सहा वेळा काय, रोग आहे की मंगळागौर? पण तसंच चाललं होतं तिथे. मराठी बायका उखाणा घ्यायच्या, कानडी बायका ओडपु म्हणायच्या, ते त्यांचं उखाण्यासारखंच. राधा तर वस्ताद. न अडखळता म्हणायची,

"अळणावरच्या रानात सागाची सावली,
धोंडिबाच्या दुखण्यानं दवाखान्याची वाट घावली!"

आणि धोंडिबा लाजून घोंगडीत तोंड घालायचा, एवढा थोरला गडी. मी मात्र दोन दिवसांत रिकामी झाले. यमकं सुचेनात. 'फळ्यावर गणित, हातात खडू, मुकुंदरावांचं औषध कारल्याहून कडू' हे मी तीनदा चालवलं. तिसऱ्या वेळी पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "अक्का, हे झालं की परवा!" त्याला काय करायचंय? त्याची बायको माहेरी, याला फुकटचा तमाशा!

सगळ्यात संताप आणला तो ह्यांनी. ताप एकशे तीन, डोळे खोल गेलेले, आणि उखाण्याची वेळ झाली की चेहरा कसा फुलायचा. एकदा बाई पुढे गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणतात, "लीला, नऊ वर्षांत तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं गं. छान वाटतं. ताप जरा लांबला तरी चालेल."

"जीभ झडो तुमची," मी म्हटलं आणि पलीकडे तोंड करून रडले. प्रेम आलं होतं हो, नाही कशाला म्हणू.

पण रागाचं म्हणाल तर माझा राग सहजी उतरणारा नाही. तापाच्या अठराव्या दिवशी सकाळी विठ्ठलराव फेरीला आले आणि मी तक्रार केली. "डॉक्टरसाहेब, हे नाव घ्यायचं काय खूळ आहे? घरंदाज बायकांनी चारचौघांत दिवसातून सहा सहा वेळा..."

विठ्ठलरावांचा आवाज चढला. "कुसुमावतीबाई, हे इस्पितळ आहे, डोहाळजेवण नव्हे. मीही कालपासून ऐकतोय. बंद करा."

बाईंचा चेहरा उतरला. "साहेब, तेवढं बंद करू नका. हात जोडते."

"खाटेला नंबर आहे ना? भिंतीवर रंगवलाय. भिंत कुठे चालत जाते का?"

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं फक्त. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ह्यांनी दुपारचं औषध मुकाट्याने घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. मला म्हणाले, "तुला चैन पडलं ना आता?" मी म्हटलं, "पडलं." कुठलं पडतंय.

त्याच दुपारी हुबळीहून माझ्या नणंदबाई आल्या, वत्सलावन्सं. ह्यांच्याहून मोठ्या, सहा मुलांना वाढवलेल्या, शब्द खाली पडू न देणाऱ्या. आल्या, भावाच्या कपाळाला हात लावला, वर बघितलं, खिडकी बघितली, सूर्य कुठे ते बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! मुकुंदाचं डोकं उत्तरेला? प्रेताला ठेवतात तसं? आणि तू पाच दिवस बघत बसलीस?"

खरंच की. उत्तरेच्या भिंतीच्या आठही खाटांची डोकी उत्तरेला. नंतर कळलं की त्या वॉर्डात हे नेहमीचंच होतं. उत्तरेच्या ओळीतली माणसं डॉक्टरांची पाठ फिरली की दक्षिणेच्या ओळीतल्यांचे पाय धरायची आणि रोगी इकडचे तिकडे व्हायचे. फेरीच्या आधी पुन्हा जागच्या जागी. सगळ्यांना ठाऊक, फक्त डॉक्टरांना नाही.

मी राधेपाशी गेले. आधी आमच्या भिंतीकडे बघितलं, मग तिच्या खाटेकडे, आणि तिला लगेच कळलं. "न्या की अक्का. आमच्या ह्यास्नी उद्या फाडायचंच हाय, मग डोस्कं कुठंबी असू द्या. मास्तरांस्नी गुण येऊ दे."

बायकांनो, असलं मन कुठे मिळतं सांगा. राधा, तिचा दीर, वन्सं आणि मी, चौघांनी चादरीची चार टोकं धरली आणि ह्यांना अलगद तेरा नंबरवर आणलं. धोंडिबा मदतीला उठला, तर राधा ओरडली, "तुमी गप ऱ्हावा, आधीच आतडं भायेर येतंय!" तो आपला चालत जाऊन पाच नंबरवर आडवा झाला. तक्ते भिंतीवर होते तसेच राहिले. त्यांच्याकडे कोण बघतंय? वन्सं समाधानाने पाचच्या गाडीला निघाल्या, राधा दिराला घेऊन नळावर गेली आणि मी निवांत श्वास सोडला. डोकं दक्षिणेला. आता काळजी नाही.

गाडीची वेळ झाली असेल-नसेल, तेवढ्यात बाबाजी आला. बाबाजी म्हणजे वॉर्डातला जुना नोकर, पन्नाशीचा, खाकी कोट, कानात भिकबाळी. देवमाणूस. पहिल्या दिवशी मी आंघोळीशिवाय बसलेय हे बघून त्याने न सांगता बिसिनीर, म्हणजे गरम पाणी, आणून दिलं होतं. औषधाचे पेले तोच वाटायचा, बाई शस्त्रक्रियेच्या खोलीत असल्या की. त्या दिवशी त्या दुसऱ्या दिवसाची हत्यारं उकळत होत्या. बाबाजीने भिंतीवरचा तेरा नंबर तेवढा बघितला आणि पेला माझ्या हातात दिला. "घ्या अक्का. एका दमात संपवायचं."

नाव विचारलं नाही. बंदच झालं होतं ना सकाळपासून! मला मेलीला केवढा आनंद.

पेल्यात एरंडेल होतं. वासावरून ओळखलं, आणि वर आल्याचा रस. मला जराही शंका आली नाही, हे मी आज कबूल करते. ह्यांचं पोट पाच दिवस साफ नव्हतं. मी मनात म्हटलं, आलं वाटतं एकदाचं डॉक्टरांच्या ध्यानात. घरचं काही द्यायचं नव्हतं. हे तर इस्पितळातलं. आमच्या आईने आम्हाला दर महिन्याला एरंडेल पाजलंय, त्याने कोणी मेलं का कधी? भिजलेल्या कागदासारखं झालेलं आतडं जुलाबाने फाटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबाजीलाही कोणी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं, तेरा नंबर.

मी ह्यांच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठाला लावला.

ह्यांनी ओठ घट्ट मिटले.

"घ्या ना."

मान हलवली. नाही.

"अहो, लहान आहात का? एरंडेल आहे. नाक धरा आणि घ्या."

ह्यांनी डोळे उघडले. आवाज कसला, नुसता वारा. "नाव घे."

"काय?"

"नाव घेतल्याशिवाय नाही पिणार."

"बंद झालंय ते! डॉक्टरांनी बंद केलंय!"

"डॉक्टरांनी केलं असेल. मी नाही केलं." आणि पुन्हा ओठ मिटले. गणिताचा मास्तर! एकदा उत्तर ठरलं की ठरलं.

बाबाजी हसायला लागला. "घ्या की अक्का. यजमानांचा हट्ट." समोरचा म्हातारा कोपरावर उठून बसला. माझा पेला धरून हात अवघडला, तेल बोटांवर सांडलं, आणि राग असा आला की मी वॉर्डाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं ओरडले,

"अठरा दिवस ताप, तरी लाड काही सुटेना,
नाव घेतल्यावाचून मुकुंदरावांचा हट्ट काही मिटेना!"

ह्यांनी हसून तोंड उघडलं. मी पेला तिरपा केला.

"अक्का, थांबा!"

बाबाजीने माझं मनगट धरलं. परक्या बाईचं मनगट, त्या काळात. मी चमकून बघितलं तर त्याचं हसू कुठल्या कुठे गेलेलं. "मुकुंदराव? मुकुंदराव पाच नंबर. हे तेरा. हे धोंडिबाचं." त्याने खिशातून चिठ्ठी काढली, भिंतीकडे बघितलं, खाटेकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे. "उद्या धोंडिबाचं ऑपरेशन. पोट साफ करायला. धोंडिबा येल्लिद्दानरी? कुठाय धोंडिबा?"

"इथं हाय की," पाच नंबरवरून धोंडिबा म्हणाला आणि हात वर केला.

माझा आरडाओरडा ऐकून बाई धावत आल्या होत्या, ओल्या हातांनी. त्यांनी दोन्ही खाटा बघितल्या. मग माझ्या हातातला पेला घेतला, वास घेतला, आणि विचारलं, "किती पोटात गेलं?"

"थेंबही नाही," मी म्हटलं. "मी नाव घेतल्याशिवाय पिणारच नाही म्हणाले हे."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. नर्सने रोग्याच्या खाटेवर बसायचं नसतं. बसल्या, आणि ह्यांचा पाय चादरीवरूनच घट्ट धरला. "शाबास मास्तर," म्हणाल्या. एवढंच, पण दोनदा.

विठ्ठलराव आले. त्यांना सगळं बाबाजीनेच सांगितलं, आपल्याकडून काही न लपवता. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण डॉक्टर तेरा नंबरसमोर उभे राहिले, भिंतीवरचा आकडा बघत. चष्मा काढून पुसला. त्यांचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बाई," ते हळूच म्हणाले, "उद्यापासून नाही. आत्तापासून. नाव विचारा. आणि बाबाजी, तूही." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्हाला दिशा बदलायची असेल तर मला सांगा. मी खाटच फिरवून देईन." फिरवली हो. त्या दिवशी उत्तरेच्या आठही खाटा फिरवल्या, पाय भिंतीकडे. इतकं सोपं होतं ते!

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. मागच्या पडवीत त्या चादरी वाळत घालत होत्या. मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "चुकले मी. तक्रारही मीच केली, खाटही मीच बदलली. दोन थोबाडीत मारा."

त्या म्हणाल्या, "मारते. आधी पीळ नीट."

चादर पिळता पिळता त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, वाण्याची यादी सांगावी तसं.

"याच वॉर्डात. अकरा वर्षं झाली. मी एकोणीस वर्षांची. यजमानांना मुदतीचा ताप. अकरा नंबरला आणून ठेवलं होतं, दिशा बघूनच, समोरच्याला तीनवर पाठवून. पेला घेऊन आलेल्याने मला नाव विचारलं. विचारलं हं, त्याचा दोष नाही. मी मान खाली घातली. परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव कसं घेऊ? त्याने चिठ्ठीवरचं वाचलं, कुणा दुसऱ्याचंच. म्हणाला, 'हेच ना?' मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला अजून आठवत नाही. मीच पाजलं. तीन नंबरचा माणूस रात्रीपर्यंत विचारत होता, माझं एरंडेल का नाही आलं."

माझ्या हातातून चादर सुटली.

"दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात कळ उठली. दिवे लागायच्या आत गेले. कागदावर लिहिलं, मुदतीचा ताप. मलाही तेच वाटत होतं. मग वडिलांनी पुण्याला नर्सिंगला पाठवलं. दुसऱ्या वर्षी वर्गात शिकवलं, मुदतीच्या तापात रेचक देऊ नये. का, तर आतडं फाटतं. मी वर्गात उभी राहिले, लीलाबाई. उभी राहिले आणि खाली बसताच येईना."

मी त्यांना धरलं. त्या माझ्यापेक्षा उंच, तरी धरलं. रडले ते मीच, त्या नाही.

"कोण होता तो पेलेवाला?" मी विचारलं. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे.

"बाबाजी."

"आपला बाबाजी?"

"त्याला माहीत नाही. माझा पदर नाकापर्यंत होता, त्याने माझं तोंड पाहिलंच नव्हतं. आणि कागदावर ताप लिहिला, मग त्याला कोण सांगणार? चांगला माणूस आहे तो. काल त्यानेच तुमचं मनगट धरलं. त्याला कळलं तर पुन्हा पेला हातात घेणार नाही. तुम्ही सांगणार नाही, शपथ घ्या."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या मळमड्डीला माहीत. पण हे मी बारा वर्षं गिळलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. बाबाजी गेल्या वर्षी गेला, नातवंडं बघून, म्हणून आज बोलतेय.

ह्यांचा ताप बाविसाव्या दिवशी उतरला. धोंडिबाचंही सगळं नीट झालं. तो तर टाके काढायच्या आधीच बैलांची चौकशी करायला लागला. आम्हाला घरी सोडलं त्या सकाळी टांगा दारात उभा, राधेने ओच्यात शेंगा बांधून दिलेल्या, ह्यांच्या अंगावर कोट लोंबत होता, अर्धा माणूस उरलेला. बाईंनी शेवटची बाटली हातात दिली आणि विचारलं, "रोग्याचं नाव?"

त्या दिवशी मला लाज वाटली नाही.

"एकवीस दिवसांचा ताप, गेला आपल्या पायी,
मुकुंदरावांना घरी नेते, आणखी मागणं नाही."

राधा म्हणाली, "झ्याक!" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. आणि मग काय झालं मला ठाऊक नाही, मी बाईंचा हात धरला आणि म्हटलं, "आता तुम्ही घ्या."

विधवेला कोणी नाव घ्यायला सांगतं का? हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, मग हे तर दूरच. बाकीच्यांना त्या कोण, काय, ते नीट ठाऊकही नव्हतं. पण कपाळ दिसत होतं. मला वाटलं, लीले, तुझी जीभ कापून टाकायला हवी.

राधा पुढे आली. "घ्या की बाई. आमच्याकडनं इतकी नावं घेववलीसा. तुमचं बी घ्या."

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. यमक शोधत असाव्यात. इतक्या बायकांकडून इतकी यमकं ऐकलेली, त्यांना एक सापडेना. मग त्या नुसतंच म्हणाल्या,

"श्रीकांत."

राव नाही, अहो नाही, उखाणा नाही. एखाद्या मुलाला खेळातून हाक मारावी तसं.

दाराशी बाबाजी पेल्यांचं तबक घेऊन येत होता. नाव कानावर पडलं की थांबायचं, अशी त्याला आता सवय लागली होती. तो थांबला आणि त्याने भिंतीवरचे आकडे बघितले. "श्रीकांत? हा कोण नवीन, बाई? कितवी खाट?"

बाईंनी माझा हात दाबला.

"अकरा होती," त्या म्हणाल्या. "गेले ते घरी."

"बरं झालं," बाबाजी म्हणाला आणि पहिल्या खाटेपाशी जाऊन विचारू लागला, "अक्का, रोग्याचं नाव सांगा."